ओठांवरून शिकलेलं गाणं

सुकदेवाच्या कानात अजून खातं चालतं. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेच्या उधन्यात खातंच म्हणतात. तिथली नोकरी सुटून त्याला पंधरा वर्षं झाली, पण मागांना ही बातमी कुणी दिलेली दिसत नाही. सकाळी डोळे उघडले की खटखट सुरू. जेवताना खटखट, देवापुढे हात जोडले तरी खटखट. बाहेरचं मात्र आत काही येत नाही. उजवा कान पार गेला. डाव्यात दार आपटल्याचा नाहीतर ढोलाचा, असा एखादा जाडसर आवाज तेवढा शिरतो. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं मशीन त्यानं महिनाभर लावून पाहिलं. त्यानं बायकोचा आवाज मोठा झाला नाही, खटखट मोठी झाली. मशीन आता टीव्हीशेजारच्या फुलदाणीत पडलेलं असतं.

एकाहत्तराव्या वर्षी माणूस कशाकशानं थकतो याची यादी करायला बसलं तर दिवस पुरणार नाही. सुकदेव मात्र एकाच गोष्टीनं थकला होता, लोकांच्या तोंडाकडे बघून. समोरचा काय बोलतोय ते त्याच्या ओठांवर वाचायचं, निसटलेले शब्द मनानं भरायचे, चुकीचे भरले की हसं करून घ्यायचं. पाहुणे आले की तासाभरात त्याचे डोळे चुरचुरायला लागत. मग तो भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. लोकांना वाटे म्हातारा माणूसघाणा आहे. नव्हता. एकेकाळी चांगला बडबड्या होता.

ओठ वाचायला त्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. खात्यात पाऊल टाकलेला प्रत्येक जण ते आपोआप शिके, नाहीतर उपाशी राही. शंभर माग एका पत्र्याखाली, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय, अशा ठिकाणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसतो. म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. मागांच्या दोन रांगांपलीकडून माणूस तोंड मोठं हलवून सांगतो, ऐकणारा बघतो, मान हलवतो. कांडी संपली, तार तुटला, मुकादम येतोय, तुझ्या बायकोला दिवस गेले का, सगळं असंच. भांडणंसुद्धा बिनआवाजाची होत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, तीस-चाळीस माणसं उगाच तोंडं वाकडी करतायत.

आणि तिथं गाणीही तशीच गायली जात.

सुकदेव एकोणिसाव्या वर्षी पारोळ्याकडून सुरतेला आला, तेव्हा त्याला दोन रांगा सोडून पलीकडचे चार माग चालवणारा आनंदा भेटला. आनंदा वयानं सतरा-अठरा वर्षांनी मोठा, अमळनेरचा, आणि गाण्याचं भारी वेड. त्याच्या लहानपणी अमळनेरच्या एका चहाच्या हॉटेलात फोनो होता. मालक दर दहा-बारा तबकड्यांमागे सुई बदलायचा आणि जुनी सुई पोरांना खेळायला द्यायचा. त्या फोनोवर आनंदानं कस्तुराबाई चोपडेकरीण ऐकली. कस्तुराबाईची एकच तबकडी निघाली होती, दोन बाजूंना दोन गाणी. त्यातलं ‘आभाळी चंद्राची कोर’ खानदेशात असं काही चाललं की दोन वर्षं लग्नाच्या वरातीत, जत्रेत, जिनिंगच्या आवारात दुसरं काही ऐकूच येईना. बाई जत्रेत येणार म्हटलं की लोक बैलगाड्या जुंपून जात. आनंदा दोनदा गेला होता. मग सिलोनवरची हिंदी गाणी घरोघर शिरली, बाईंचा गळाही बिघडला म्हणे, आणि कस्तुराबाई लोकांच्या तोंडातून गेली. आनंदाच्या तोंडातून नाही गेली. मागावर उभं राहून तो तेच गाणं दिवसभर ओठांनी म्हणे, आणि दोन रांगा पलीकडून सुकदेव त्याच्या ओठांवरून ते उचली. सहा महिन्यांत त्याला ध्रुवपद आणि दोन्ही कडवी आली. चाल तेवढी आनंदानं रविवारी नहरच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेला बसून शिकवली, ला-ला-ला करत. शब्दांची उजळणी करायची गरज दोघांनाही वाटली नाही.

‘आभाळी चंद्राची कोर, माझ्या अंगणी नाचे पोर.’

असं सुकदेवानं उचललं, आणि असंच तो म्हणू लागला. आनंदा त्याच्या तोंडाकडे बघून मान डोलवायचा, बरोबर आहे म्हणून. पुढे सुकदेवाकडून ते आणखी दहा-पंधरा जणांनी घेतलं, आणि अख्ख्या खात्यात पोर नाचायला लागली. खानदेशात पोर म्हणजे मुलगी. कुणाला गाण्यात काही खटकायचं कारणच नव्हतं.

सुकदेवाचं लग्न झालं, भेस्तानला खोली घेतली, आणि दीड वर्षानं त्याच्याही अंगणात पोर आली. अंगण कसलं, दारापुढे चार फुटांचा ओटा. मुलीचं नाव उज्ज्वला ठेवलं. दिवसपाळी करून बाप आला की ती त्याच्या पायांना मिठी मारायची, आणि त्यानं हातपाय धुवायच्या आधी गाणं म्हटलंच पाहिजे, असा तिचा नियम होता. तो म्हणायचा, ती ओट्यावर गोल फिरायची. ‘पोर’ या शब्दावर बापानं तिच्याकडे बोट दाखवायचं, की ती जमिनीवर फतकल मारून हसणार. सुंदरा आतून पीठ मळता मळता ओरडायची की चक्कर येईल तिला, पुरे करा.

तीन वर्षं आणि दोन महिन्यांची असताना उज्ज्वला तापानं गेली. तीन दिवसांत गेली. फोटो दिवाळीला काढू म्हणून ठेवला होता, तो राहिला. त्या दिवसापासून सुकदेवानं घरात ते गाणं म्हटलं नाही. पुढे नितीन झाला, वाढला, त्याचं लग्न झालं, नातू शाळेत गेला, पण गाणं म्हटलं नाही ते नाहीच. खात्यात मात्र म्हणायचा. तिथं कुणाला ऐकू जाणार होतं? सुंदराला हे माहीत नव्हतं. तिला वाटे, सोडूनच दिलं त्यानं. त्रेचाळीस वर्षं तिला असंच वाटत राहिलं, आणि दोघांनी कधी विषय काढला नाही.

विषय निघाला तो हर्षदाबाईंमुळे.

हर्षदाबाई उधन्याच्या मराठी शाळेत शिक्षिका. मूळच्या नाशिकच्या. कामाचा उरक असा की शाळेचे बाकीचे शिक्षक त्यांना बघूनच दमतात. तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा त्यांनी पन्नासच्या दशकातली तबकड्यांवरची गाणी घ्यायची ठरवली. पुण्या-मुंबईची गाणी सगळेच गातात, आपल्या लोकांची गाणी शोधू या, असं त्यांचं म्हणणं. सुंदरा पूर्वी त्याच शाळेत खिचडी शिजवायची, अजून सणावाराला मदतीला जाते. एक दिवस हर्षदाबाई तिला सहज म्हणाल्या, “मावशी, तुमच्या भागातल्या एक कस्तुराबाई होत्या. त्यांचं ‘चंद्राची कोर’ असं काहीतरी गाणं आहे, ऐकलंय का कधी?”

सुंदराच्या हातातली परात तशीच राहिली. “ते गानं मना घरमा शे,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती सुकदेवासमोर ट्यूबलाइटखाली बसली. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती तोंडावर उजेड पडेल अशी बसते. हळूहळू, एकेक शब्द सोडवून तिनं सांगितलं की बाईंना गाणं पाहिजे, वाडीत, म्हणजे समाजाच्या हॉलमध्ये, कार्यक्रम आहे, पुढच्या महिन्यात रविवारी दुपारी. तुम्ही गाल असं मी सांगून आले आहे.

“माले ऐकू येत नही, गाऊ कसं?” सुकदेव म्हणाला. “आते मनामा जोर नही राहिना.”

सुंदरा उजेडात आणखी पुढे सरकली. मग म्हणाली, “माले ऐकनं शे. एक डाव.”

एवढंच. पण तिच्या ओठांकडे बघताना त्याला तिचे डोळेही दिसले. ऐकू येत नसलेल्या माणसाचा आवाज हळूहळू सपाट होत जातो, वर्षा-दोन वर्षांत बोलणंही नीट कळेनासं होईल, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिच्या पोरीची म्हणून जगात जी एक वस्तू उरली होती, ती त्या सपाट होत चाललेल्या गळ्यात होती. नाही म्हणायला माणसाकडे दगडाचं काळीज लागतं, आणि सुकदेवाकडे ते नव्हतं.

तालमी शाळेत सुरू झाल्या. हर्षदाबाईंनी पेटीवाला आणि तबलजी आणला होता. सुकदेव पेटीच्या लाकडावर तळहात टेकून बसे, थरथर हाताला लागे, तबलजीची बोटं डोळ्यांना दिसत. तेवढ्यावर तो सुरात राहायचा. थोडा सरकलाच तर पेटीवाला त्याच्यामागे सरकायचा. हर्षदाबाई खूश होत्या. विशेषतः दुसऱ्या कडव्यावर. ‘पाऊल वाजे, दार मी उघडी, कुणी नाही समोर’ ही ओळ त्यानं पहिल्यांदा म्हटली, तेव्हा त्यांनी वहीतून मान वर काढली आणि बराच वेळ खाली घातली नाही.

मग दहा दिवस राहिले असताना जळगावच्या एका संग्राहकाकडून त्या जुन्या तबकडीचा आवाज फोनवर आला.

हर्षदाबाईंनी तो सगळ्यांना ऐकवला. तबकडी चिरलेली होती. ध्रुवपद आणि पहिलं कडवं स्वच्छ वाजे, पुढे नुसती खरखर. सुकदेवाला स्वच्छही नाही आणि खरखरही नाही. तो आपला सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होता. पेटीवाल्यानं तबलजीकडे पाहिलं. तबलजीनं हसू दाबलं. हर्षदाबाईंनी फोन पुन्हा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला, आणि मग त्याच्यासमोर येऊन बसल्या.

“आप्पा, तिथं वेगळा शब्द आहे.”

“कोन्ता?”

त्यांनी सांगितला. सुकदेवानं त्यांच्या ओठांवर वाचला. “पोर. मग बरोबरच शे ना,” तो म्हणाला.

त्यांनी परत सांगितला. ओठ मिटले, उघडले, गोल झाले. “पोर,” सुकदेव म्हणाला. आता तबलजी उठून बाहेर गेला. हर्षदाबाईंनी वही ओढली, मोठ्या अक्षरात लिहिलं, त्याच्यापुढे धरलं. मोर.

ओठ वाचणाऱ्यांची ही जुनी अडचण आहे. प, ब, म ही सगळी ओठ मिटून बोलायची अक्षरं. ऐकणाऱ्याला ती वेगळी, बघणाऱ्याला एकच. खात्यात यावरून किती घोटाळे झाले ते सांगितले तर हसून पोट दुखेल. एकानं बोरं मागितली तर दुसऱ्यानं विचारलं, कुणाची पोरं? पण आनंदा शेवटपर्यंत ओठांनी ‘मोर’ म्हणत राहिला, सुकदेव शेवटपर्यंत ‘पोर’ वाचत राहिला, आणि गुरूनं शिष्याच्या तोंडाकडे बघून दर वेळी मान डोलवली, ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नव्हती. आनंदाला जाऊन वीस वर्षं झाली. विचारायला कुणी नाही.

“रातले मोर नाचस का कधी?” सुकदेव म्हणाला. आवाज जरा चढलाच असावा, कारण दारातली मुलं आत डोकावली. “चंद्राची कोर शे ना वर? मंग? मोर आभाळ भरलं म्हंजी नाचस. चांदनामा नही.”

हर्षदाबाईंना हे पटलं. त्या तसं म्हणाल्याही. पण गाणं कस्तुराबाईंचं आहे, त्यांनी जसं म्हटलं तसंच म्हणायला हवं, हेही म्हणाल्या. शिवाय कस्तुराबाईंची नात, प्रमिलाबाई, कार्यक्रमाला चोपड्याहून येणार होत्या. आजीचं गाणं मंचावर ऐकायला म्हणून मुद्दाम येणार. पहिल्या कडव्यात आणखी दोन शब्द चुकलेले निघाले. कस्तुराबाईंचा माठ भरला होता, सुकदेवाचा पाट भरला होता. तिची बाग होती, त्याचा माग होता. ते त्यानं मुकाट्यानं दुरुस्त केले. मग हर्षदाबाईंनी सावकाश विचारलं, “आप्पा, मग दुसऱ्या कडव्यातलं तरी काय खरं धरायचं?”

पन्नास वर्षं आपण दुसऱ्याच्या कापडात आपलाच धागा घालत आलो, असं त्याला वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. खात्यात त्याच्या हातचं कापड कधी परत आलं नव्हतं. “मोर म्हनसू,” तो म्हणाला. भांडायचं त्राण कुठे होतं?

उरलेले दहा दिवस तो मोर म्हणत होता. हर्षदाबाई समोर बसून प्रत्येक वेळी अंगठा वर करायच्या किंवा बोट हलवायच्या. नाकात घुमलं तर मोर, ओठांतून वारा फुटला तर पोर, हे त्यानं गळ्याला आणि नाकाला हात लावून ओळखायला शिकून घेतलं. पंचवीसदा म्हटलं तर तेवीसदा मोर यायचा. दोनदा पोर यायची, आणि त्याला वाईट वाटायचं की आपल्याला ती आलेली बरी वाटली.

सुंदराला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. रोज सांगू म्हणायचा आणि रोज उद्यावर ढकलायचा. तिनं ट्रंकेतून त्याचा पांढरा सदरा काढून इस्त्रीला दिला होता. स्वतःसाठी चॉकलेटी लुगडं काढलं होतं. शेजारच्या पुष्पाबाईंना तिनं दोनदा सांगितलं होतं की तुम्ही पण चला, पुढे बसू. त्रेचाळीस वर्षं न मागितलेली गोष्ट मागून मिळते आहे, याचा आनंद बाईच्या चालण्यात दिसत होता. तो बघून सुकदेवाची जीभ आणखीच आत जायची.

शेवटी सांगितलं ते नितीननं, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. नितीन इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर आहे, रविवारीही पाळी होती, डबा भरून निघायच्या घाईत होता. हर्षदाबाईंनी त्याच्या फोनवर शब्द पाठवले होते. ते बापापुढे धरून तो सुरतेत वाढलेल्या मुलांसारखं गुजरातीत म्हणाला, “पप्पा, आज मोर ज गाजो हं. भूलता नहीं.”

सुंदरा चुलीपाशी होती. तिचे कान तिखट. “कसाना मोर?” तिनं विचारलं.

नितीननं हसत हसत सगळा किस्सा सांगितला. आनंदाकाकांचा मोर आणि पप्पांची पोर. शाळेत सगळे कसे हसले. बहिणीचं त्याला माहीत होतं, पण गाण्याचं माहीत नव्हतं. बिचाऱ्याला काय कल्पना. आईचा चेहरा बघून तो गोंधळला. “शुं फरक पडे छे, मम्मी? एक ज शब्द छे,” म्हणाला, आणि बस चुकेल म्हणून धावत गेला.

सुंदरा येऊन ट्यूबलाइटखाली बसली. दिवसाउजेडी, ट्यूब लावलेली नसताना, सवयीनं तिथंच बसली.

“पोरनंच गानं शे ते,” ती म्हणाली. “दुसरं काय शे आपलाकडे?”

सुकदेवानं सांगायचा प्रयत्न केला. गाणं कस्तुराबाईचं आहे. तिची नात येणार आहे. मी शब्द दिला आहे. चूक माझी होती, आनंदाची नव्हती, कुणाचीच नव्हती. तो बोलत राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं एकच वाक्य म्हटलं, अगदी सोडवून, कुठलाही शब्द चुकू नये म्हणून.

“मी तठे बठेल राहसू. मोर म्हनू नका.”

नंतर ती उठली आणि भाकरी टाकू लागली. सुकदेव भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्याला सगळ्याचा कंटाळा आला होता. मोराचा, पोरीचा, हर्षदाबाईंच्या अंगठ्याचा, आपल्या कानांचा. दोन बायका दोन बाजूंनी ओढतायत आणि दोघींचंही खरं आहे, अशा वेळी माणसानं करायचं तरी काय? तापच भरला तर बरं, असंही त्याला वाटून गेलं. ताप काही भरला नाही.

वाडी भरली होती. पुढच्या तीन रांगांत खात्यातून सुटलेली जुनी माणसं, टोप्या घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यातल्या निम्म्यांना सुकदेवापेक्षा बरं ऐकू येत नव्हतं, तरी सगळे आले होते. मधल्या खुर्चीवर प्रमिलाबाई. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर आजीचा चौकटीतला फोटो उभा धरलेला. आणि दुसऱ्या रांगेच्या कडेला, पुष्पाबाईंच्या शेजारी, चॉकलेटी लुगड्यात सुंदरा.

आधी इतरांची गाणी झाली. सुकदेवानं ती टाळ्यांवरून मोजली. पाचव्या टाळ्यांनंतर हर्षदाबाईंनी त्याला हाताला धरून पुढे नेलं. तो बसला, पेटीवर तळहात टेकला. तबलजीनं बोटं फिरवली. फोटोतल्या कस्तुराबाईचं नाक मोठं होतं आणि चेहरा रागीट. सुकदेवाला वाटलं, ही आपल्याला सोडणार नाही.

त्यानं सुरुवात केली. ‘आभाळी चंद्राची कोर.’ आणि पहिल्या तीन रांगांमधली ती सगळी म्हातारी तोंडं हलू लागली. आवाज कुणी काढत नव्हतं. खात्यात म्हणायचे तशीच ती म्हणत होती, ओठांनी, एकमेकांकडे न बघता, समोर बघून. तीस-चाळीस तोंडं एकदम. तो बघत राहिला. ‘माझ्या अंगणी नाचे...’ आणि पुढच्या शब्दासाठी सगळ्यांचे ओठ एकदम मिटले, त्याचेही मिटले.

दहा दिवस घोटवलेला मोर तोंडात तयार होता. पण त्या क्षणी त्याची नजर गेली ती सुंदरावर. तिनं डोळे मिटून घेतले होते. ओठ उघडले, गोल झाले, शब्द बाहेर पडला, आणि कुठला पडला ते सुकदेवाला कळलं नाही. गळ्याला हात लावून बघायचा तर हात पेटीवर होता, आणि पेटीच्या थरथरीत नाकातला घुमारा कुठे वेगळा कळणार? ध्रुवपद तीनदा येतं. तिन्ही वेळा तसंच झालं. त्यानं काय म्हणायचं ठरवलं होतं, असं कुणी विचारलं असतं तर तेही त्याला धड सांगता आलं नसतं.

टाळ्या झाल्या. प्रमिलाबाईंनी फोटो खुर्चीवर ठेवला आणि वर येऊन त्याचे दोन्ही हात धरले. त्या खूप काही बोलल्या, पण तोंडाला पदर लावून बोलल्या, त्यामुळे त्यातलं अक्षर त्याला मिळालं नाही. हर्षदाबाईंनी अंगठा वर केला. त्यावरून काही समजायला मार्ग नव्हता. कार्यक्रम निर्विघ्न पार पडला की त्या सगळ्यांनाच अंगठा दाखवतात. कुणीतरी व्हिडिओही काढला असणार. तो त्याला ऐकू कुठे येणार होता? आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं त्याच्या मनात नव्हतं. जिला विचारायचं, ती बाहेर गेली होती.

सुंदरा वाडीच्या पायऱ्यांवर बसली होती. पुष्पाबाई चहाच्या रांगेत गेल्या होत्या. उन्हं अजून होती. तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं, डोळे लाल. ते कशानं लाल होते ते त्याला ठरवता येईना. तो तिच्या शेजारी एक पायरी खाली बसला, म्हणजे तिचे ओठ नीट दिसावेत.

“मी काय म्हनं?” त्यानं विचारलं.

सुंदरानं सांगितलं. एकच शब्द. ओठ मिटले, उघडले, गोल झाले.

सुकदेव बघत राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. पन्नास वर्षं ओठ वाचणारा माणूस बायकोच्या तोंडावरचा एक शब्द वाचू शकत नव्हता. त्याला रडू यायला लागलं, आणि रडायचाही त्याला थकवा आला होता. लिहून दे म्हणायचं तर तिला लिहिता येत नव्हतं.

तिच्या ते ध्यानात आलं. ती बोलायची थांबली. मग तिनं उजवा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे करून, पायरीच्या वर अधांतरी धरला. एवढी, असं दाखवावं तसा.

ती खरं सांगत होती, की थकलेल्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगत होती, हे सुकदेवाला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. तो त्या हाताकडे आणि हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. ती जरा उंच झाली होती. तीन वर्षं आणि दोन महिन्यांची पोर एवढी नसते, त्याच्या गुडघ्यांना मिठी मारताना तिचं डोकं कुठवर यायचं ते त्याला नीट आठवत होतं.

त्यानं सुंदराचं मनगट धरलं आणि तिचा हात चार बोटं खाली घेतला.